वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाचा अनुभव कसा आहे?

मृण्मयी_ब (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा मी माझ्या मामेबहिणीसाठी काढते आहे. दीड वर्षापूर्वी नवऱ्याने तिला मुलासह घराबाहेर काढले आणि तेव्हापासून ती माहेरी राहते. समजूत घालण्याचे सगळे प्रयत्न करून झाले. आता तिने पोटगीसाठी न्यायालयात जायचे ठरवले आहे. आम्ही दोन वकिलांना भेटून आलो. दोघांनीही समजून घेऊन बोलणे केले, पण सुरुवातीची फी आणि त्याशिवाय प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे हा हिशेब तिच्या आवाक्यातला नाही. मामा निवृत्त आहेत आणि त्यांच्या औषधपाण्यातच महिन्याची ओढाताण होते.

शेजारच्या एका ताईंनी सांगितले की न्यायालयातच अर्ज करून मोफत वकील मिळतो. मामांना मात्र हे पटत नाही. मामा म्हणतात, पैसे न देता मिळालेला वकील मन लावून काम करणार नाही, समोरची माणसे नावाजलेला वकील उभा करतील आणि आपली मुलगी तिथे एकटी पडेल. त्यांची काळजी मला समजते, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

मामांच्या नावावर राहते घर आहे, म्हणून तिला नकार मिळेल का? उत्पन्नाचा दाखला तिचा लागेल की मामांचा? अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांनी असा वकील घेतला आहे त्यांचा खरा अनुभव काय आहे? चांगला असो वा वाईट, कृपया मोकळेपणाने लिहा.

सुधन्वा

मृण्मयीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्पष्ट आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत विधी सेवेला कोण पात्र आहे ते दिले आहे, आणि त्यात स्त्री आणि बालक यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तुमची बहीण स्त्री आहे, एवढे पुरे आहे. मामांचे घर आणि मामांचे निवृत्तिवेतन यांचा तिच्या पात्रतेशी काहीही संबंध नाही.

याच कलमात अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, मानवी व्यापाराला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, औद्योगिक कामगार, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा जातीय अत्याचार यांची झळ पोचलेले आणि कोठडीत असलेले लोक येतात. या सगळ्यांनाही उत्पन्न विचारले जात नाही. उत्पन्नाची मर्यादा यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी आहे. ती प्रत्येक राज्य ठरवते आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणासाठी ती ५ लाख रुपये आहे.

वाटसरू

स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, हे मला आज पहिल्यांदा कळले. माझ्या बहिणीचे सहा महिने केवळ दाखल्यासाठी तहसील कार्यालयात फेऱ्या मारण्यात गेले होते.

दीपमाळ

वाटसरू, दुर्दैवाने हे वारंवार घडते. मी गेली चार वर्षे विधी स्वयंसेवक म्हणून काम करते आहे आणि महिलांकडे उत्पन्नाचा दाखला मागितला जाण्याचे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. खिडकीवर बसलेल्या माणसाच्या हातात एक छापील यादी असते, त्यात दाखला लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना सरसकट तेच सांगतो. अशा वेळी परत फिरू नये. "मी कलम १२ च्या स्त्री या गटातून अर्ज करते आहे" असे शांतपणे सांगावे आणि तरीही अडवणूक झाली तर प्राधिकरणाच्या सचिवांना भेटावे. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात आणि माझ्या अनुभवात ते असा प्रश्न तिथल्या तिथे सोडवतात.

ज्यांना उत्पन्नाच्याच गटातून अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठीही कायदा उदार आहे. कलम १३ प्रमाणे अर्जदाराने उत्पन्नाबद्दल केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, जोपर्यंत त्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नसेल तोपर्यंत. त्याच कलमात एक अट मात्र सर्वांसाठी आहे. तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे, अशी प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते. मृण्मयी, तुमच्या बहिणीच्या बाबतीत ती अडचण येणार नाही.

अर्ज कोठे करायचा याबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेले ऐकून घेण्याची तरतूद आहे आणि ते कागदावर उतरवण्यासाठी माझ्यासारखे स्वयंसेवक तिथे बसलेले असतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, त्यावर प्राथमिक सल्लाही मिळतो. अर्जाची पोच तेवढी आठवणीने घ्यावी.

जुनी_पायवाट

वरचे सगळे खरे असेल, पण मृण्मयीताईंनी अनुभव विचारला आहे, म्हणून माझा सांगतो. तो चांगला नाही.

माझ्या मेहुण्याचा जमिनीच्या हद्दीबद्दलचा दावा होता. उत्पन्न मर्यादेत होते, अर्ज लगेच मंजूर झाला, वकीलही नेमून मिळाले. पहिल्या दोन तारखांना ते आले. त्यानंतर लागोपाठ तीन तारखांना आले नाहीत. मेहुणा दर वेळी रोजंदारी बुडवून न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसून राहायचा आणि संध्याकाळी लिपिकाकडून पुढची तारीख घेऊन यायचा. चौथ्या तारखेला तो तापाने फणफणला होता म्हणून गेला नाही आणि त्या दिवशी कोणीच हजर नाही म्हणून दावा काढून टाकला गेला. आम्हाला हे कळले तेव्हा मुदतीतले जवळजवळ तीन आठवडे उलटून गेले होते. शेवटी उसनवारी करून खाजगी वकील केला आणि दावा पुन्हा फाईलवर घेण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत कसाबसा दाखल केला.

त्यामुळे माझा सल्ला असा की, कितीही ओढाताण झाली तरी हप्त्याहप्त्याने फी घेणारा वकील शोधावा. ज्याला आपण पैसे मोजतो, त्याला आपण जाब विचारू शकतो. फुकट मिळालेल्या माणसाला काय विचारणार?

काळाकोट

मी गेली नऊ वर्षे वकिली करतो आणि त्यांतली सहा वर्षे जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत विधी सेवेसाठी नेमायच्या वकिलांच्या यादीवर आहे. जुनी_पायवाट यांनी जे लिहिले त्यावर मी पांघरूण घालणार नाही. त्यांच्या मेहुण्याच्या बाबतीत जे झाले ती वकिलाची चूक होती आणि त्याची तक्रार व्हायला हवी होती.

पण त्यांच्या शेवटच्या प्रश्नाशी मी अजिबात सहमत नाही. पॅनेलवरचा वकील फुकट मिळालेला नसतो. त्याचे मानधन सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या आमच्या करातून दिले जाते आणि ते तुमच्या वतीने दिले जाते. वकीलपत्रावर सही तुमचीच असते. पक्षकार म्हणून तुमचे सगळे हक्क तेच राहतात. जाब विचारण्याचा अधिकार तर खाजगी वकिलापेक्षा येथे अधिक आहे, कारण खाजगी वकिलाच्या वर त्या खटल्यापुरता कोणी बसलेला नसतो, तर येथे देखरेख समिती असते. तिने प्रकरणाच्या प्रगतीचा आढावा घ्यायचा असतो. वकील बदलून द्या, असा अर्ज कारणे देऊन करता येतो आणि योग्य कारण असेल तर वकील बदलून मिळतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती माहीत असल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. पॅनेलवरचे मानधन खाजगी फीच्या मानाने फार थोडे असते, ते टप्प्याटप्प्याने मिळते आणि बिले मंजूर व्हायला वेळ लागतो. काही ज्येष्ठ वकील केवळ कर्तव्य म्हणून ही कामे करतात आणि मनापासून करतात. काही जण पॅनेलवर नाव असावे म्हणून येतात आणि त्यांचे लक्ष खाजगी कामांकडे असते. नव्याने सनद मिळालेले बरेच जण अनुभव मिळावा म्हणून येतात, आणि माझे प्रामाणिक मत असे आहे की पोटगीसारख्या प्रकरणात असा तरुण, कष्टाळू वकील अनेकदा नावाजलेल्या वकिलापेक्षा उपयोगी पडतो, कारण तो कागद वाचून येतो.

एक गोष्ट कृपया सर्वांनी लक्षात ठेवावी. पॅनेलवरील वकिलाला पक्षकाराकडून कोणत्याही नावाखाली पैसे घेण्याची परवानगी नाही. "टायपिंगचे द्या", "नकलेचे द्या", "साहेबांच्या जाण्यायेण्याचे द्या" असे कोणी म्हणाले तर देऊ नका आणि सचिवांना लेखी कळवा. कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागदपत्रांच्या नकला आणि भाषांतर हे सगळे विधी सेवेतच येते.

जुनी_पायवाट

काळाकोट, आपण मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल आभार. वकील बदलून मागता येतो हे आम्हाला तेव्हा कोणीही सांगितले नाही. माहीत असते तर दुसऱ्या गैरहजेरीनंतरच अर्ज केला असता. तरी एक विचारतो. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला देखरेख समिती नावाची गोष्ट आहे, हे कळावे कसे? जो हक्क माहीतच नाही तो मागणार कसा?

केतकी

जुनी_पायवाट, तुमच्या या प्रश्नाने मला आमच्या घरावर आलेली वेळ आठवली. त्या वेळी मी हेच सगळ्यांना विचारत फिरत होते.

माझ्या धाकट्या भावाला एका मारामारीच्या प्रकरणात अटक झाली. तो त्या ठिकाणी होता, पण मारणाऱ्यांत नव्हता. आम्हाला बातमी कळेपर्यंत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून पोलीस कोठडी दिली गेली होती. त्याच्या वतीने कोणीही बोलले नव्हते. "वकील आहे का?" असे त्याला विचारले गेले, तो "नाही" म्हणाला आणि कामकाज पुढे सरकले. वकील नसेल तर सरकारी खर्चाने देता येतो, हे त्याला कोणी सांगितले नाही आणि एकवीस वर्षांच्या घाबरलेल्या मुलाला ते स्वतःहून सुचणे शक्य नव्हते.

नंतर मी वाचत गेले तेव्हा लक्षात आले की याबाबत सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी आधी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले आहे. भागलपूरमध्ये कैद्यांचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात, म्हणजे खत्री विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे आणले जाते तेव्हापासूनच हा हक्क सुरू होतो आणि त्याला तो सांगणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. सुक दास खटल्यात १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितले की आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क संपत नाही. आणि कसाबच्या अपिलाच्या निकालात, २०१२ मध्ये, हे कर्तव्य न पाळणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते इथपर्यंत न्यायालय गेले. ज्या माणसाच्या अपराधाबद्दल कोणाच्याही मनात सहानुभूती असणे शक्य नव्हते, त्याच्या खटल्यात हे लिहिले गेले, याचा माझ्यावर फार परिणाम झाला. हक्क माणसाच्या लायकीवर ठरत नाही, हे मला त्या वाचनातून उमगले.

आमच्या भावाला पुढे तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रातून अर्ज केल्यावर लोक अभिरक्षक कार्यालयातल्या एक वकील मॅडम मिळाल्या. त्यांनी दोन वेळा तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली, घटनास्थळाजवळच्या दुकानाचे चित्रीकरण मिळवायला आम्हाला सांगितले आणि जामीन झाला. दोषारोपपत्रातून त्याचे नाव अजून गेलेले नाही, खटला चालू आहे. पण प्रत्येक तारखेला मॅडम हजर असतात. मृण्मयीताई, तुमच्या मामांना हे जरूर सांगा.

वाटसरू

केतकीताई, हे लोक अभिरक्षक म्हणजे काय? पॅनेलवरचे वकील आणि ते वेगळे का?

सुधन्वा

वेगळे आहेत. फौजदारी प्रकरणांतल्या आरोपींसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये ही योजना आणली. सरकारी पक्षासाठी जसे पूर्णवेळ सरकारी वकील असतात, तसे आरोपीच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांचे कार्यालय असावे, ही त्यामागची कल्पना आहे. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोक अभिरक्षक अशी त्याची रचना असते आणि त्यांना खाजगी खटले घेता येत नाहीत. जुनी_पायवाट यांच्या मेहुण्याच्या प्रकरणात वकिलाचे लक्ष दुसरीकडे असणे हा जो मूळ दोष होता, त्यावर हा उपाय आहे. मात्र दिवाणी आणि कौटुंबिक प्रकरणांना अजूनही पॅनेलवरचेच वकील मिळतात.

अनिकेत_दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून तिथली स्थिती तुलनेसाठी सांगतो. तिथे १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने वकील देण्याची व्यवस्था सुरू झाली. अनेक वर्षे ती जगात नावाजली जात होती. परंतु २०१२ च्या कायद्याने, जो २०१३ पासून लागू झाला, घटस्फोट, मुलांचा ताबा आणि घरभाड्याचे बरेचसे वाद त्यातून वगळले गेले. कौटुंबिक हिंसाचाराचा पुरावा दाखवता आला तर मदत मिळू शकते, पण उत्पन्न आणि मालमत्ता यांची चाचणी साधारणपणे द्यावीच लागते. माझ्या ओळखीच्या एक बाई मुलाच्या ताब्याचा दावा वकिलाशिवाय स्वतः लढल्या. रात्री जागून त्या अर्ज लिहीत असत.

म्हणून भारतात स्त्रीला उत्पन्न न विचारता वकील मिळतो, हे वाचून मला मनापासून समाधान वाटले. अमेरिकेत तर हा हक्क क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जामुळे १९६३ मध्ये सर्व राज्यांना लागू झाला. वकिलाशिवाय चाललेल्या पहिल्या खटल्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली होती आणि वकील मिळाल्यावर झालेल्या फेरसुनावणीत तोच माणूस निर्दोष सुटला. पण तोही हक्क फौजदारी आरोपींपुरता आहे.

दीपमाळ

अनिकेत, आपल्याकडेही हे एका दिवसात आले नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली होती. त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पुढे १९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल निकाल दिला आणि मोफत वकील हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग ठरला. त्याआधी १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-अ आला होता, ज्यात मोफत विधी सेवा पुरवण्याचे निर्देश सरकारला दिले आहेत. १९८७ चा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला. एवढ्या लोकांनी एवढी वर्षे खपून उभी केलेली ही व्यवस्था आहे. ती वापरताना कोणी ओशाळवाणे होऊ नये असे मला फार वाटते. माझ्याकडे येणाऱ्या बायका पदराआड तोंड लपवून "आम्हाला दानधर्माचा वकील मिळेल का?" असे विचारतात, तेव्हा वाईट वाटते.

शिशिर

मग आमच्यासारख्यांचे काय? मी कारखान्यात यंत्रचालक आहे. वर्षाचे उत्पन्न ३ लाख ६० हजार, म्हणजे मर्यादेपेक्षा जेमतेम जास्त. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो, मित्राने हप्ते थकवले आणि आता बँकेचा वसुलीचा दावा माझ्यावरही आला आहे. घरभाडे आणि दोन मुलांची फी गेल्यावर वकिलासाठी काहीही उरत नाही. कागदावर मात्र मी गरीब नाही. मर्यादेच्या एका बाजूला सगळे आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे मला न्याय्य वाटत नाही.

काळाकोट

शिशिर, तुमची तक्रार रास्त आहे. मर्यादेच्या थोडे वर असणाऱ्यांसाठी अंशतः मदतीची सोय असायला हवी असे माझेही मत आहे. परंतु तुम्ही स्वतःला चुकीच्या गटात बसवत आहात. सुधन्वा यांनी वर दिलेली यादी पुन्हा पाहा, त्यात औद्योगिक कामगार आहे. तुम्ही कारखान्यात यंत्रावर काम करता, व्यवस्थापकाचे काम करत नाही. कायद्याच्या शब्दांत वाद नोकरीबद्दलचाच असावा अशी अट नाही. कारखान्याचे ओळखपत्र आणि वेतनचिठ्ठी घेऊन त्या गटातून अर्ज करा. तो नाकारला गेला तर त्या निर्णयाविरुद्ध प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते, आणि जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात.

दावा अंगावर आलेला आहे, म्हणून लेखी कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची मुदत आधी पाहा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांची ती मुदत असते. अर्ज मंजूर होण्याची वाट पाहत ती निघून जाऊ देऊ नका. वकील मिळाला नसेल तर स्वतः न्यायालयात उभे राहून, "मी विधी सेवेसाठी अर्ज केला आहे, मला मुदत द्यावी" असे सांगा आणि अर्जाची पोच दाखवा.

सुधन्वा

शिशिर यांच्या प्रकरणात लोकअदालतीचाही विचार व्हावा. कर्जवसुलीच्या बाबतीत बँका तिथे बऱ्याचदा व्याजात सूट देऊन तडजोड करतात. कोर्ट फी लागत नाही, प्रलंबित दाव्यात भरलेली फी परत मिळते आणि निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते.

केतकी

सुधन्वा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते हेही सांगायला हवे. तिथे मोठी गर्दी असते, समोर बँकेचा अधिकारी आकडे घेऊन बसलेला असतो आणि आपल्या बाजूने समजावणारे कोणी नसेल तर माणूस गोंधळून सही करून मोकळा होतो. माझ्या आत्याने अशीच न झेपणाऱ्या हप्त्यांना मान्यता दिली होती.

सुधन्वा

मान्य आहे. माझे वाक्य अपुरे होते. लोकअदालत संमतीशिवाय काहीही लादू शकत नाही, नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार असतो आणि तसे झाल्यास दावा मूळ न्यायालयात जसाच्या तसा परत जातो. पण तो अधिकार वापरण्याइतके बळ येण्यासाठी आधी वकील हवा. शिशिर, आधी काळाकोट सांगतात तो अर्ज करा, मग लोकअदालत.

वाटसरू

मला एक शंका आहे. गंभीर गुन्ह्यात असा वकील घेणे सुरक्षित आहे का? आदल्या दिवशी नेमला आणि दुसऱ्या दिवशी उलटतपासणी, असे ऐकले आहे.

काळाकोट

तसे घडले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलेले नाही. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले आणि पंधरवड्याच्या आत खटला संपवून फाशी सुनावली गेली. न्यायालयाने २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणात किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील न्यायालयाच्या मदतीसाठी नेमावा आणि त्याला तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यावेत, असेही त्या निकालात आहे. वकील दिला म्हणजे कर्तव्य संपले असे नाही, त्याला काम करण्यासाठी वेळ आणि कागदही द्यावे लागतात. हा निकाल मी माझ्या बॅगेत नेहमी ठेवतो.

मृण्मयी_ब (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. धागा काढला त्याला आता सव्वा महिना झाला आहे, म्हणून पुढे काय झाले ते सांगते.

दीपमाळताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही जिल्हा प्राधिकरणात गेलो. बहिणीने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. दाखला खरोखरच मागितला गेला. तिने कलम १२ चे नाव घेतले, आणि खिडकीवरच्या बाईंनी आत विचारून येऊन अर्ज घेतला. पाचव्या दिवशी वकील नेमल्याचे पत्र मिळाले. वकील तरुण आहेत, सनद मिळून चारच वर्षे झाली आहेत. मामा सोबत आले होते आणि ते काहीसे नाराज होते. पण त्या वकिलांनी दीड तास बसून सगळे ऐकले आणि नवऱ्याच्या पगाराबद्दल तिला काय काय माहीत आहे ते एकेक करून लिहून घेतले. दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे आणि त्यामुळे नवऱ्याला पगार लपवणे अवघड जाईल, हे त्यांनी समजावले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळू शकते, म्हणून उशीर करू नये असेही ते म्हणाले. हे त्या आधीच्या दोघांपैकी कोणी सांगितले नव्हते.

अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च यांसाठीचा अर्ज मुख्य अर्जासोबतच दाखल झाला आहे. पहिली तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

एक प्रश्न उरला आहे. जुनी_पायवाट यांचा अनुभव वाचल्यापासून बहिणीच्या मनात भीती आहे. वकील आले नाहीत तर तिने त्या दिवशी नेमके काय करावे?

काळाकोट

तिने पुकारा होईल तेव्हा उभे राहून आपण हजर आहोत हे सांगावे आणि ते रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत नोंदवून घ्यायला विनंती करावी. त्याच दिवशी घरी जाण्यापूर्वी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन दोन ओळींचे लेखी निवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पहिल्याच गैरहजेरीला द्यावे, तिसरीची वाट पाहू नये. एका वहीत प्रत्येक तारीख, कोण हजर होते, काय झाले आणि पुढची तारीख काय पडली, एवढे लिहीत जावे.

जुनी_पायवाट

मृण्मयीताई, बहिणीला सांगा की पहिल्या तारखेला मी येईन. मी त्याच जिल्ह्यात राहतो आणि त्या इमारतीचा कानाकोपरा मला मेहुण्यामुळे माहीत झाला आहे. मामांनाही सोबत आणा. मला व्यक्तिगत निरोपातून वेळ कळवा.